झेपेल तेवढंच देतो म्हणे

"देव माणसाला झेपेल तेवढंच ओझं देतो," हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं ना, त्याला एकदा आमच्या उत्रोलीच्या घरी आणून बसवला पाहिजे. मागच्या खोलीत. तिथं दाढीमिशा आलेला, चांगला वजनदार असा एक माणूस आहे. तो मान धरत नाही, बोलत नाही, हातपाय वाकडे. त्याला उचल, धू, भरव. आणि मग सांग म्हणावं, झेपण्याचं माप कुणी कधी काढलं ते.

तो माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. ती त्याला बाळ म्हणायची, म्हणून सगळं गाव अजून बाळच म्हणतं. जन्मताना रडला नाही, निळा पडला, तेव्हापासून असाच. मोठे दीर तो लहान असतानाच गेले. मग मागच्या खोलीत ती दोघं आणि पुढं आम्ही. चूल एक, भाताची खाचरं एक. मी किकवीची, हायवेवरची, तोंडानं फटकळ. ती वेल्ह्याकडची, डोंगरातल्या पासलीची. दिवसाला चार शब्द बोलली तर पुष्कळ. भांडायला गेलं तरी समोरून काही यायचं नाही.

बाळाला भरवताना ती खोलीचं दार लावून घ्यायची. लोक बघतात, चुकचुकतात, पोराला नजर लागते, असं तिचं म्हणणं. नवी असताना मला राग यायचा. मी काय परकी आहे का? मग सवय झाली. दाराआडून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं आणि बऱ्याच वेळानं ती रिकामी ताटली घेऊन बाहेर यायची. आत काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंही नव्हतं.

दिवेलागणीला देव्हाऱ्यापुढं तिचं एकच मागणं असायचं. हळूच म्हणायची, पण मला ऐकू यायचं. "खंडेराया, माझ्या आधी ह्याला ने." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली परात पडली होती. "ताई, आई म्हनायचं का वैरीण तुमाला? पोटच्या पोरासाठी असलं मागत्यात व्हय?"

तिनं वात सारखी केली आणि म्हणाली, "मग तू सांग. माझ्या माघारी कोन?"

घरात त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते तिच्यासमोर परात उचलत उभं होतं.

देवानं तिचं ऐकलं नाही. तिच्याच पोटात गाठ निघाली. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं, पुण्याच्यांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून परत पाठवलं. "घरी न्या, खायला मागतील ते द्या," म्हणाले. ह्याचा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो.

घरी आल्यावर तिनं मला जवळ बसवलं. "त्याला सांभाळशील?"

"ताई, खोटं कशाला बोलू," मी म्हणाले. "मला न्हाई जमायचं. माझी कंबर गेलेली, मला किळस येती, राग तर नाकावर. पाप लागंल मला."

वाटलं, रडेल, शिव्या देईल. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "मला तरी कुठं जमत हुतं."

अंगात त्राण होतं तोवर तीच त्याला भरवत राहिली, दार लावून. मग तेही गेलं, आणि मागून आवाज गेला. शेवटी शेवटी ती माझं मनगट धरायची आणि स्वतःच्या छातीवर तळहात आपटायची. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, जीव घाबरा होतोय. मी चमच्यानं पाणी घालायचे, छाती चोळायचे. ती मान हलवायची, नाही, नाही, आणि परत छातीवर हात. एका सकाळी तो हात वर आलाच नाही.

दहाव्याला सगळी भावकी नदीवर. बाळाला घरी कुणाजवळ ठेवणार? प्लास्टिकच्या खुर्चीला आईच्याच लुगड्यानं बांधून त्याला टेम्पोतून आणला. आमचे हे क्रियेला बसले. प्रवचनाला आलेल्या बुवांनी माईक हातात घेतला आणि तेच वाक्य काढलं, झेपेल तेवढंच ओझं. बायकांनी माना डोलावल्या. मी बाळाच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते. आई अंथरुणाला खिळल्यापासून तो नीट जेवला नव्हता. चमच्यानं दूध घातलं तर निम्मं बाहेर. भाताचा घास दिला की ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. गाल आत गेले होते. मनात म्हटलं, या बुवा, धरा जरा.

पिंड ठेवला, माणसं मागं सरली. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, आणि तिचा कशात अडकलाय हे नदीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग सुरू झालं. पासलीहून आलेला तिचा भाऊ हात जोडून पुढं झाला. "आक्का, भाच्याची काळजी करू नको, म्या हाय." कावळा हलला नाही. चुलत दीर म्हणाले, "आमी समदी हाय." तरी नाही. एकानं तर दर महिन्याला भेटायला येईन असं कबूल केलं. तो राहतो आमच्या भिंतीला भिंत लावून. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, कावळा कशाला येतोय खायला!

एवढी माणसं बघून बाळ ओरडायला लागला. त्याचा तो आवाज नवख्याला भ्यायला लावतो. बाभळीवरचे कावळे भर्रकन उडाले. तिचा भाऊ माझ्याकडं वळला. "अवो, ह्याला जरा लांब न्या की. कावळं बिचकत्यात."

माझं डोकंच फिरलं. "लांब न्या? अरं, तिचा जीव ज्याच्यात अडकलाय त्यालाच लांब न्या व्हय? कावळ्याला बोलवायला लेकराला हाकलताय? कुठंबी जानार न्हाई त्यो. हितंच ऱ्हाईल. माझ्यापाशी ऱ्हाईल. काय म्हननं हाय कुनाचं?"

माझ्यापाशी, हा शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं आपण काय बोलून बसलो ते. आमचे हे ओल्या अंगानं वळून माझ्याकडं बघत होते. मी काही पुण्यवान मनानं हो म्हटलं नाही, रागाच्या भरात म्हटलं. पण तोंड माझं आणि बोलवून घेणारा दुसराच कुणीतरी, असं मला आजही वाटतं.

आता तरी कावळा येईल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. मी हात जोडले. देवा, तेवढी खूण दे, म्हणजे मी समजेन की तू सोबत आहेस. ऊन चढलं. बुवांना दुसऱ्या गावी जायचं होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि माणसं जेवायला पांगली.

पुढचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. मी त्याच्यासमोर बसायचे, बोटांनी ओठ उघडून घास घालायचे. तो बोट चावायचा. मी वाकले की डोकं माझ्या छातीवर आपटायचा, जोरात, परत परत. छाती काळीनिळी झाली. मला वाटायचं, हा मला मारतोय, आईची जागा घेतली म्हणून. त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर हातचा जाईल.

तिच्या भावाचा मोबाईलवर फोन आला. पुण्यात असल्यांना ठेवून घेणारी एक संस्था हाय, म्या बोललोय, गाडी घेऊन येतो. नदीवर "म्या हाय" म्हणणारा तो हाच. आमचे हे म्हणाले, "अगं, न्हाई झेपत तर न्हाई झेपत. उपाशी मारन्यापरीस बरं."

"या म्हनावं उद्या," मी म्हणाले.

त्या दुपारी पुन्हा दूध सांडलं, सदरा चिंब झाला. तो काढायला मी भिंतीला टेकून त्याच्या पाठीमागं बसले. फार रडू आलं. देव्हाऱ्याच्या दिशेनं ओरडले, "तूच माझ्या तोंडून बोलवून घेतलंस ना? मग आता तूच भरव! माझ्याच्यानं हुत न्हाई!"

बाळानं डोकं मागं टाकलं. ते धाडकन माझ्या छातीवर आदळलं आणि तिथंच राहिलं. आजवर कधी न ठरणारी ती मान ठरली. त्यानं एक मोठा उसासा सोडला आणि आपलं आपण तोंड उघडलं. ताटली बाजूलाच होती. मी मागूनच हात पुढं घेऊन मऊ भाताचा एक घास त्याच्या गालात ठेवला. त्यानं चावला, गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं. ठसका नाही, काही नाही.

तेव्हा मला जावेचा तळहात आठवला. तिला पाणी नको होतं. हितं, हितं ठेव त्याचं डोकं, असं ती मला सांगत होती, आणि मी तिची छाती चोळत बसले होते. मी त्याच्या डोक्यावर गाल टेकवून मोठमोठ्यानं रडले, आणि त्यानं ताटली संपवली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तशी परत गेली.

त्याला काही वर्षं झाली. हलकं झालं असं कुणी समजू नये. त्याला फिट येते, कंबरेचा पट्टा माझ्या अंगावरून निघत नाही, किळस अजून येते आणि रागही. मला साखर निघाली. डॉक्टर म्हणतात, वजन उचलू नका. लेक लग्न होऊन गेली, आमच्या ह्यांचे गुडघे गेले. देवानं मला ताकद दिली का? नाही दिली. रोज सकाळी उठते तेव्हा मला जमत नसतं, आणि दिवसाअखेरी तो जेवलेला असतो. ह्याच्यापेक्षा जास्त मला देवाबद्दल काही सांगता येत नाही.

परवा दिवा लावताना चक्कर आली. देव्हारा धरून उभी राहिले आणि माझ्याच तोंडून निघालं, "खंडेराया, माझ्या आधी ह्याला..." आणि तिथंच जीभ अडली. तिला वैरीण म्हणाले होते मी. तिच्या शेजारी उभं राहून म्हणाले होते. पुढचा शब्द मी गिळला.

"न्हाई," म्हटलं. "त्याला कवा न्यायचं ते तुझं तू बघ. माझ्या माघारी फकस्त कुनाला तरी उठव. मला उठवलंस तसं. जमनारं न्हाई मिळालं तरी चालंल."

दुसऱ्या दिवसापासून बाळाला भरवताना मी खोलीचं दार सताड उघडं ठेवते. येणारेजाणारे थांबतात, बघतात, चुकचुकतात. नजर लागायची तर लागू दे. कुणीतरी बघून ठेवायला पाहिजे.