कोऱ्या पाण्याची चमक

राजापेठेत आईसोबत राहणारी भावना तायडे गेली दोन वर्षे पीएचडीसाठी तुरीच्या टरफलांपासून चमकणारे कण बनवते आहे. टरफलांची भुकटी आणि पाणी टेफ्लॉनच्या पेल्यात घालायचे, पेला पोलादी भांड्यात आवळून बंद करायचा आणि ते भट्टीत ठेवायचे. कोंडलेल्या पाण्याला वाफ होऊन निसटता येत नाही. ते उकळबिंदूच्या पुष्कळ वर तापते आणि त्या दाबाखाली टरफलांतून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. अतिनील दिव्याखाली ते निळे चमकतात. पेशींत शिरून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या उजळवाव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मार्चमध्ये ती नमुने घेऊन अकोल्यातील एका प्रयोगशाळेत गेली. तुलनेसाठी आजवर ती बाटलीतले साधे पाणी वापरत असे; या वेळी प्रथमच तिने टरफलांविना कोरे पाणीही पेल्यात घालून तापवले होते. तिथले चमक मोजण्याचे उपकरण सांभाळणाऱ्या ललितने ते तपासले. तेही चमकले.

"ताई, तुमच्या तुरीले तं काही कामच नाही उरलं," तो हसला. "निस्त्या पान्यालेच पीएचडी देऊन टाका."

भावनाला हसू आले नाही. दोन वर्षांची चमक कणांची की दुसऱ्याच कशाची, हे आता तिला सांगता येणार नव्हते. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत ती नमुन्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

घरी भागीरथाबाई रविवारच्या वंदनेची पांढरी साडी वाळत घालत होत्या. विहारात साडी जराही पिवळट दिसलेली त्यांना खपत नसे. कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नसले की लेकीने घरी आणलेले पेलेही त्याच घासत. काहीतरी सुचून भावनाने पिशवीतला अतिनील दिवा सावलीतल्या साडीवर धरला. साडी निळीशार पेटली.

"माय, पेले याच पावडरनं घासत होती का तू?"

"मंग काय राखेनं घासू? तूच म्हनली, चकाचक पायजेत."

कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घातलेले द्रव्यही त्याच दिव्याखाली निळे चमकते. पेल्यांच्या चऱ्यांत ते दडून राहिले होते.

भावनाने नवे पेले आम्लाने धुतले, शुद्ध पाण्याने विसळले. एकात टरफले आणि पाणी घातले, दुसऱ्यात केवळ पाणी; दोन्ही भट्टीत तापवले. भांडी पुरती निवेपर्यंत उघडायची नसतात. ही रोजची शिस्त त्या दिवशी तिला जड गेली. अखेर झाकणे फिरवून तिने दिवा धरला. कोरे पाणी काळेच राहिले. शेजारचे चमकत होते, पूर्वीपेक्षा मंद, पण निव्वळ तुरीचे. जुनी मोजमापे सारी पुन्हा करावी लागणार होती. तरी ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

संध्याकाळी आईने विचारले, "मंग आता पेले कोन घासन?"

"मीच."

"सुटली बाई मी," भागीरथाबाई म्हणाल्या आणि साडीची घडी घालू लागल्या.