खंडेनवमीचा हार

झेंडूचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. नांदेडच्या कॉलेजात असताना, गरम ॲल्युमिनियम साच्यातून दाबलं तर कुठे फाटेल, याचं गणित मी लॅबच्या कॉम्प्युटरवर लावलं होतं. आठवडाभर अखंड चाललेलं ते गणित संपतच आलं होतं. खंडेनवमीच्या सकाळी गेले, तर पडदा काळा, कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. “बंद कुणी केलं?” “म्या केलं,” नारळ फोडत लॅबचे शिपाईकाका म्हणाले, “पूजेला मशीन बंद लागती.” मी तणतणत बटणाकडे हात नेला, तर म्हणाले, “आता पूजलंय बाई, आज हात लावू न्हाई.” वर तळहातावर खोबरं ठेवलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता लातूरच्या कारखान्यात खंडेनवमीचा पहिला हार मी चालू कॉम्प्युटरच्या बटणालाच घालते. बघू कोण हात लावतं.