ताईनं न शिकवलेलं शेपूट

मी डॉक्टर व्हायला परदेशात गेले ते ताई तिथं होती म्हणून. नाहीतर आईनं मला पाठवलंच नसतं. माझी मावशी लग्न होऊन तिकडे गेली आणि ताई, म्हणजे तिची मुलगी, तिथंच लहानाची मोठी झाली. ती माझ्याहून वर्षानं मोठी, पण तिला प्रवेश उशिरा मिळाला. त्यामुळे आम्ही दोघी एकाच वर्गात आलो. आई म्हणाली, "देवानंच जुळवून आणलं बघ." मलाही तसंच वाटलं होतं.

ताई उंच, चालायला चपळ. बोलताना हातवारे इतके की चहाचा कप तिच्यापासून लांब ठेवावा लागे. हसायला लागली की पोट धरून खाली बसायची. मी पोचले त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि माझ्या अंगावर साधा स्वेटर. ताईनं स्वतःचा कोट काढून मला घातला, वरून बटणंही लावली, आणि बस येईपर्यंत "मला नाही गं वाजत थंडी" म्हणत उभी राहिली. तिचे ओठ निळे पडले होते. हे मी मुद्दाम आधी लिहितेय. पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ती मुळातच वाईट होती. तशी असती तर मला इतकं लागलं नसतं.

मावशीचं घर एका लाँड्रीच्या वर होतं. खालची कपडे धुण्याची यंत्रं सुरू झाली की वर जमीन थरथरायची आणि घरभर साबणाचा वास पसरायचा. आमच्या खोलीत दोन पलंग आणि मधे एक टेबल. टेबलावर अभ्यासाची प्लास्टिकची कवटी असे. ताई तिला "साहेब" म्हणायची आणि थंडीत तिच्या डोक्यावर आपली टोपी चढवायची. माझ्या बाजूच्या खिडकीत आईनं दिलेला बोटभर उंचीचा गणपती होता. सकाळी मी हात जोडले की ताई पांघरुणातून म्हणे, "माझ्यासाठी पण माग गं काहीतरी. मला वेळ नाही." मी खरंच मागायची. आधी तिच्यासाठी, मग माझ्यासाठी.

कॉलेजातलं शिकवणं इंग्रजीत चाले. मी मराठी शाळेतली, ते इंग्रजीच कसंबसं ओढत नेत होते. त्यात पेशंटशी बोलायला तिथली भाषा यायलाच हवी. कॉलेजात संध्याकाळी तिचा वर्ग असे. पण ताई म्हणाली, "घरात मास्तरीण असताना शिकवणी कशाला? तू मला ॲनाटॉमी समजावून सांग, मी तुला भाषा शिकवते. फिट्टंफाट." ताईला पाठांतराचा कंटाळा आणि मला त्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मला हा सौदा झकास वाटला.

मटार सोलता सोलता, भांडी पुसता पुसता ती शिकवायची. शिकवायची छान. मी चुकले की भुवया उडवायची, बरोबर आलं की माझ्या पाठीवर ओला हात मारायची. एक दिवस मी तिला विचारलं, "काही लोक बोलताना क्रियापदाला शेवटी एक शेपूट लावतात. ते काय असतं?"

ताईनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "ते होय? ते पुरुष लावतात. आपल्यात नाही का, तो 'येतो' म्हणतो, आपण 'येते' म्हणतो. तसंच ते. तू लावलंस तर मिशी फुटल्यासारखं वाटेल."

"पण पावाच्या दुकानातली बाई लावते की."

"तिला गिऱ्हाइकांसाठी लावावं लागतं. तू काय दुकान काढणारेस?"

आम्ही दोघी हसलो. ओट्याशी मावशी उभी होती, तीही हसली. मला पटलं. मराठी बोलणाऱ्या कुणालाही पटलं असतं.

ती पावाची बाई इतर गिऱ्हाइकांच्या हातात पाव द्यायची. माझा मात्र काउंटरवर ठेवायची आणि मागच्या माणसाकडे बघायची. मला वाटे, मी परकी म्हणून असेल.

पहिली पोस्टिंग लहान मुलांच्या वॉर्डात होती. तिथं माझं इतकं छान जमलं की विचारू नका. "ये, जीभ दाखव. कुठं दुखतं, सांग बरं." पोरं माझ्या स्टेथोस्कोपला लोंबकळायची. आयांशी बोलायचं काम नर्सा करायच्या. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याकडून शिका." त्या संध्याकाळी मावशीनं जेवताना सरांचं ते वाक्य ताईला ऐकवलं. "बघ. येऊन वर्ष झालं नाही, आणि सर हिचं नाव घेतात. तू इथं जन्म काढलास." ताई भातात आमटी कालवत राहिली. मी विषय बदलला.

मग आम्हा दोघींना मोठ्या माणसांचा वॉर्ड लागला. या पोस्टिंगचं महत्त्व वेगळं होतं. शेवटी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर प्रत्येकाच्या वागणुकीवर शेरा देत, आणि तो वाईट आला तर वर्ष गेलं. तिथल्या मुलांना वर्ष पुन्हा करता येई. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना ती सोय नव्हती. सामान भरायचं आणि घरी जायचं.

पहिल्याच आठवड्यात काहीतरी बिनसलं. खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते, दम्याचे. मी नीट हसून त्यांना जीभ दाखवायला सांगितली, कूस बदलायला सांगितली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. एक बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला पाठवा." मी आवाज आणखी मऊ केला, आणखी वाकून बोलू लागले. जितकी मी मऊ होई तितके ते ताठ होत. मोठ्या सिस्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि पुढे जात.

मी ताईला विचारलं, "माझं काही चुकतंय का गं? माझ्याशी कुणी नीट बोलत नाही."

ती आरशासमोर केस विंचरत होती. "तुझं काय चुकणार? ही माणसंच तशी. परक्यांना पाण्यात बघतात. मनावर नको घेऊस."

मी मनावर घेतलं नाही. गणपतीला म्हटलं, तू बघ बाबा.

त्या वॉर्डात फक्त एक आजी माझ्यावर खूश होत्या. त्यांचं पूर्वी बटणांचं दुकान होतं. दिसायचं कमी, पण बोटं जागी होती. मी जवळ गेले की माझ्या कोटाची बटणं चाचपून म्हणत, "हे तिसरं सैल झालंय. पडणार." एक दिवस मी त्यांचा रक्तदाब घेत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, तू मला तू म्हणतेस ना, मला गोड वाटतं. माझी बहीण गेल्यापासून मला कुणी तू म्हटलं नव्हतं. पण त्या पोस्टमास्तरांना नको म्हणू. काल त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं."

मी म्हटलं, "तू म्हणजे?"

आजींनी मला समजावलं. शेपूट लावलं की तुम्ही. नाही लावलं की तू. लहान मूल, कुत्रं, आणि अगदी घरचं माणूस. बाई असो की पुरुष, त्याचा काही संबंध नाही.

माझ्या हातातला रबरी फुगा गच्च आवळला गेला आणि आजी "अगं, अगं, हात!" म्हणाल्या.

म्हणजे इतके दिवस मी हसत हसत, वाकून, त्या बापाच्या वयाच्या माणसाला म्हणत होते, "ए, जीभ काढ. कूस बदल. खोकून दाखव." आणि उत्तर नाही आलं की आणखी गोड आवाजात, "ऐकू येत नाही का तुला?" वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसलं तरी घरी आमच्या पाठीत धपाटा बसे. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मी तडक मोठ्या सिस्टरांकडे गेले. त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलत असे, म्हणून त्या एकट्या वाचल्या होत्या. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. मला चुकीचं शिकवलं गेलं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून मी तुझ्या बहिणीला विचारलं, हिला फरक कळत नसेल का? ती म्हणाली, तिला सगळं कळतं. तिचा स्वभावच तसा आहे. घरीही आम्ही सोसतो."

घरीही आम्ही सोसतो. गंमत केली असती तर मी एक दिवस रडून मोकळी झाले असते. पण तिला विचारलं होतं. सरळ तोंडावर विचारलं होतं.

"तुमच्यातली एक खोटं बोलतेय," सिस्टर म्हणाल्या. "उद्या राउंडच्या आधी दोघी इथं या. मला शेरा द्यायचाय."

घरी पोचले तेव्हा ताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. माझा चेहरा बघून तिनं पाय खाली घेतले.

"आधी गंमतच होती गं," ती म्हणाली. "मला वाटलं, दोन दिवसांत कळेल तुला. तू इतकी कशी भोळी? मुलांच्या वॉर्डात तर तेच बरोबर होतं."

"आणि नंतर? मी तुला विचारलं तेव्हा?"

तिनं सोफ्यावरची उशी मांडीवर ओढली.

"आणि सिस्टरांनी विचारलं तेव्हा?"

"मग काय सांगू? मी बहिणीला येडं बनवलं म्हणून?" ती एकदम उसळली. "या घरात सकाळ-संध्याकाळ तुझीच आरती. हिचे मार्क, हिचा अभ्यास, हिचे सर. एक भाषा तेवढी माझी होती. तीही तुला देऊन टाकू?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. "मावशी, तुला माहीत होतं?"

ती पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. "मला वाटलं, ती सांगेल तुला कधीतरी. आणि तू पण काय, एवढीशी गोष्ट कॉलेजात नेऊन ठेवलीस. उद्या सांग की तुझाच घोळ झाला. तिचं नाव खराब झालं तर आम्ही इथं तोंड कुठं दाखवायचं? तू हुशार आहेस, तुला कुठंही मिळेल."

ताईचे बाबा, माझे काका, टीव्हीचा आवाज कमी करून बसले होते. त्यांनी तो पुन्हा वाढवला.

मी खोलीत गेले. साहेबांच्या डोक्यावर ताईची टोपी होती. खालची यंत्रं सुरू झाली आणि गणपती खिडकीत थरथरू लागला. मी त्याला धरून बसले.

सकाळी ताईनं ताप आल्याचं सांगितलं. मी एकटीच गेले आणि सगळं सांगितलं. घरातली गोष्ट मी घरात ठेवली नाही. देवासमोर जसं बोलले असते तसं बोलले, ना तिखट ना मीठ.

सिस्टर म्हणाल्या, "ठीक. मला तुम्ही म्हणून दाखव. मला बसायला सांग."

मला येईना. शेपूट लावायचं हे कळलं होतं, कुठं लावायचं ते नाही. मी एकदा क्रियापदाच्या आधी लावलं, मग दोन ठिकाणी लावलं. सिस्टरांनी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मला कळेना की त्या रागावल्यात की हसू दाबताहेत. शेवटी म्हणाल्या, "उर्मट माणसाला हे येतं. येत असूनही तो म्हणत नाही. तुला येतच नाही."

त्यांनी मला तिथंच उभ्या उभ्या शिकवलं आणि खाटेखाटेपाशी माफी मागायला पाठवलं. पोस्टमास्तरांनी माझं वाक्य पुरं ऐकून घेतलं, एक चूक दुरुस्त केली, आणि जीभ बाहेर काढून दाखवली. बटणवाल्या आजींना मात्र तुम्ही म्हटलं तर त्या फुरंगटल्या. "मला का गं परकं केलंस?"

माझं वर्ष वाचलं. ताईला खोटं बोलल्याबद्दल वाईट शेरा आला आणि ते वर्ष पुन्हा करावं लागलं. त्यानंतर मावशीच्या घरी माझं ताट वाढलं जाई, पण कुणी "घे अजून" म्हणत नसे. आई फोनवर रडली. म्हणाली, "तिच्या घरचं मीठ खाल्लंयस, तोडू नकोस." मी म्हटलं, "आई, मी नाही तोडलं." तिला ते कितपत पटलं, माहीत नाही.

मी हॉस्टेलवर जायला निघाले त्या दिवशी माझी बॅग घेऊन ताई खाली लाँड्रीच्या दारापर्यंत आली. अंगावर कोट नव्हता. पहिल्या दिवसासारखीच हवा होती. ती म्हणाली, "रागावलीस का गं?"

"नाही," मी म्हटलं. "बॅग द्या. तुम्ही वर जा आता, थंडी आहे."

आधी तिच्या लक्षात आलं नाही. मग आलं. तिचे हातवारे थांबले. "मला तुम्ही म्हणतेस?"

मी बॅग घेतली आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

आता ताई तिथंच डॉक्टर आहे. पेशंट तिच्यावर जीव टाकतात म्हणे, आणि ते खरंच असणार. माझ्या वाढदिवसाला तिचा फोन येतो. ती विचारते, कशी आहेस? मी सांगते, बरी आहे, तुम्ही कशा आहात? मग ती हवापाण्याचं बोलते. सकाळी गणपतीपुढे हात जोडले की आधी तिचंच नाव ओठांवर येतं, सवयीनं. मी ते उच्चारत नाही, तिथंच ठेवते आणि पुढचं म्हणते.