बंदुकीचा हार

सुखदेव बँकांची रोकड वाहणारी गाडी चालवतो, पण सीताबर्डीच्या सिग्नलवर लोक बघतात ते शेजारी बसलेल्या गार्ड भाऊरावांच्या बंदुकीकडे. त्याचा नुसता जळफळाट होतो. खंडेनवमीला तर त्याच्याच बायकोनं, प्रमिलानं, गाडीला चार पाकळ्या वाहिल्या आणि झेंडूचा अख्खा हार बंदुकीला घातला!

"मले बंदूक धरू द्या, फोटो काढतो," सुखदेव भाऊरावांना म्हणाला.

"नाही गा. लायसन माह्या नावाचं आहे. दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, गाडीत सोडूनही जाता येत नाही," म्हणत भाऊराव बंदुकीसकट चहाला उतरले.

"पाहिला याचा माज?" सुखदेव फणफणला.

"माज कायचा? तुमचं स्टेअरिंग तर कोणालेही देता येते," प्रमिला म्हणाली.

तेव्हापासून सुखदेव चहाला जातानाही गाडीची किल्ली मुठीत आवळून जातो. ती मागायला अजून कोणी आलेलं नाही.