निळ्या सरदाराची तलवार

दुपारी अडीच वाजता माझा डोळा लागतो आणि नंदू कणसे भेटतो. नंदूला जाऊन महिना होत आला आहे.

माझी रात्रपाळी असते, म्हणून मी दुपारी झोपतो. खिडकीला जाड पडदा आहे, तरी कडेच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येते. आज ती उशाजवळच्या बुटांच्या खोक्यावर पडली आहे. खोकं नंदूच्या घरून आलंय. त्यात प्लॅस्टिकच्या वीरांची सुटी शस्त्रं, कमरपट्टे, झगे आणि नखाएवढी शिरस्त्राणं आहेत. नंदूच्या बायकोनं, उज्ज्वलावहिनींनी, ते माझ्याकडे दिलं आणि कुठलं कुणाचं ते लावून द्यायला सांगितलं. रविवारी पुण्याहून एक गृहस्थ येणार आहेत, ते सगळा संग्रह एकदम घेऊन जातील. लावता लावता मी आडवा होतो. पट्टी खोक्यावरून सरकत माझ्या मनगटावर येते, आणि मग ती नंदूच्या चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवर पडलेली असते.

नंदू पलीकडे बसला आहे. अंगात चॉकलेटी रंगाचा, बिनबाह्यांचा स्वेटर. बारीक पेचकसानं तो कुणाच्या तरी चष्म्याची काडी आवळतोय. याच पेचकसानं तो आपल्या वीरांचे गुडघे आवळायचा.

तो वर न बघता विचारतो, जेवलास का. मी हो म्हणतो. त्यानंतर त्याला विचारण्यासारखं खूप आहे. त्या सकाळी शटर वर ओढताना छातीत नक्की काय झालं, फार दुखलं का, आता कुठे असतो.

मी म्हणतो, "नंद्या, निळ्या सरदाराची तलवार कुठाय?"

"आलास की लगेच तेच," तो म्हणतो. रागावलेला दिसत नाही. उलट त्याला हे ठाऊकच होतं असं त्याच्या तोंडावर दिसतं.

निळ्या सरदाराचं सांगायला हवं. आम्ही शाळेत असताना दुकानांत हे वीर पहिल्यांदा आले. तळहाताएवढे, कोपरात आणि गुडघ्यात वाकणारे. पाकिटावर त्यांची इंग्रजी नावं असायची, पण आमच्या गल्लीत निळ्या चिलखतवाल्याला सगळे निळा सरदारच म्हणत. दिवाळीत किल्ला केला की मातीच्या मावळ्यांच्या जोडीला त्यालाही दरवाज्यावर पहारेकरी म्हणून उभं करत. मोठेपणी नंदूनं हे वीर जमवायला घेतले, मग ते वेड मलाही लागलं. बहुतेक जमवणाऱ्यांना न फोडलेलं पाकीट लागतं. आम्हा दोघांना खेळलेला, पण पूर्ण वीर लागायचा. पूर्ण म्हणजे त्याचं जे जे असेल ते सगळं त्याच्यापाशी असलेला. नंदूचा निळा सरदार लहानपणचाच होता, पण पूर्ण नव्हता. त्याची मूठ वळलेली आणि आत काही नाही. कधीतरी हरवलेली त्याची तलवार पिवळी, आरपार दिसणारी, जेमतेम अंगठ्याएवढी. अशी गोष्ट फरशीवर पडली की दिसत नाही, केरात जाते. तलवारीसकटचा निळा सरदार पाहायला लोक मुंबईहून गाडी काढून येतील. आम्ही दोघांनी निम्मं आयुष्य ती शोधली.

"इकडे ये. हनुवटी ठेव," नंदू म्हणतो.

मी डोळे तपासायच्या खुर्चीत बसलो आहे. तो माझ्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवतो आणि तिच्यात एक भिंग सरकवतो. समोर अक्षरांचा फळा असायला हवा. तिथे उज्ज्वलावहिनी उभ्या आहेत, पाठमोऱ्या, घाटाच्या पायऱ्यांवर. साडीचा काठ ओला झालाय.

"आता हे," म्हणत तो भिंग बदलतो. समोर त्याच्या घरातलं काचेचं कपाट येतं, वीर ओळीनं उभे असलेलं. "पहिलं बरं की दुसरं?"

तो पहिलं भिंग पुन्हा लावतो, मग दुसरं. घाई करत नाही. गिऱ्हाईकाला तो कधीच घाई करत नसे.

"दुसरं," मी म्हणतो.

"स्पष्ट?"

"एकदम."

तो मान डोलावतो आणि पाठीमागे काहीतरी लिहून घेतो. त्याच्या पेन्सिलीचा आवाज मला ऐकू येतो. माझे कान तापतात. भेटायला म्हणून मी त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा वहिनी समोर बसून बोलत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून त्या कपाटात बघत होतो. त्यांनी ते पाहिलं, आणि बोलता बोलता थोड्या बाजूला सरकल्या, मला नीट दिसावं म्हणून.

चौकट काढायला मी हात वर करतो. पायाला पाणी लागतं. दुकानाची फरशी एकेक पायरी करत नदीत उतरली आहे. काउंटर तिथेच आहे, अर्धा पाण्यात, आणि त्यावर पत्रावळ, पत्रावळीवर भाताचा पिंड. चष्म्यांच्या रॅकवर कावळा बसलाय.

हा दहाव्याचा घाट आहे. त्या दिवशी पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरकून थांबलो होतो आणि कावळा शिवत नव्हता. अशा वेळी गेलेल्याचं काय राहिलंय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. नंदूच्या थोरल्या भावानं, बापूरावांनी, दुकान बंद पडू देणार नाही असं सांगितलं. केतकीनं, नंदूच्या लेकीनं, शिक्षण पुरं करते म्हणून सांगितलं. कावळा लिंबाच्या फांदीवर चोच घासत राहिला. मग वहिनी पुढे झाल्या. हात जोडून म्हणाल्या, माझी काळजी करू नका, मी नीट राहीन. सगळ्यांना वाटलं, आता येईल. तो आला नाही. वहिनी तिथेच हात जोडून उभ्या राहिल्या आणि कुणीतरी त्यांना धरून मागे घेतलं. ऊन चढलं. मी रात्रपाळीहून तसाच आलो होतो, मला घरी जाऊन झोपायचं होतं. मी पुढे झालो आणि अर्धवट पुटपुटलो, नंद्या, तुझे वीर फुटकळ जाऊ देणार नाही, एकत्र ठेवू.

कावळा सरळ खाली आला.

लोक सुटल्यासारखे हसले आणि मग सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. घरी परतल्यावर स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, बाहुल्यांतच जीव होता बाई त्याचा. मी दारात चप्पल शोधत होतो, तिथपर्यंत ऐकू आलं. त्यानंतरच वहिनींनी ठरवलं की संग्रह घरात नको.

नंदू पायरीवर माझ्या शेजारी बसला आहे. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"त्या कावळ्याचं तू मनावर घेतलंस?"

"सगळ्यांनीच घेतलं."

"अरे लेका, सकाळपासून घाटावर तीन दहावे झाले होते. पोट भरलेलं होतं त्याचं. नंतर लागली भूक, आला." तो हसतो. मग हसू आवरून माझ्याकडे वळतो. "उज्ज्वलाला सांग..."

"ती पिवळीच होती ना? आरपार दिसणारी?" मी विचारतो. "टोकाला कपचा उडालेला?"

तो थांबतो. बोलणं अर्धं तोंडात धरून माझ्याकडे बघतो. चष्म्याचा नंबर काढणाऱ्याची नजर ती, दोन डोळ्यांत किती फरक आहे हे मोजणारी.

"हो," तो म्हणतो. "टोकाला कपचा. चल, दाखवतो."

आम्ही उठतो तर पाठीमागे आमची गल्ली आहे. कुलकर्ण्यांच्या भिंतीला टेकून किल्ला केलाय, पोत्यावर चिखल थापून, वर अळीव पेरून हिरवा केलेला. बुरुजांवर मातीचे मावळे. वाघाच्या गुहेपुढे कुणीतरी पणती ठेवली आहे. निळा सरदार दरवाज्यावर उभा आहे आणि त्याच्या सांध्यांत चिखल शिरलाय. मी मनात म्हणतो, हा चिखल वाळायच्या आत काढायला हवा. नंदू बावन्न वर्षांचाच आहे. स्वेटर तोच, फक्त उकिडवा बसलाय मुलासारखा. भुयाराच्या तोंडातून त्यानं हात आत घातला आहे, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. किल्ला एवढा खोल नव्हता.

"लहानपणीच इथं पडली होती," तो गाल मातीला टेकवून म्हणतो. "किल्ला मोडला, माती परसात टाकली. आपण दुकानं शोधत बसलो."

"तुला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. आता असतं." तो हात बाहेर काढतो. बोटांना ओली माती आहे. "हात कर पुढं. मूठ मिट. सोडू नको, बारीक आहे."

माझ्या तळव्यावर काहीतरी टेकतं. गार, ताठ, जवळजवळ वजन नसलेलं. मी मूठ मिटतो.

"आता ऐक," नंदू म्हणतो.

त्याच्या आवाजात घाई आहे. त्याला कधी घाईत पाहिलं नव्हतं. उज्ज्वलाचं नाव तो पुन्हा घेतो, एवढं मला कळतं. त्याच वेळी माझ्या मनात येतं की मूठ एवढी आवळली तर कपचा आणखी वाढेल. मी बोटं किलकिली करून आत बघतो. पिवळा उजेड. मूठ नीट सैल धरतो, टोक कुठे लागत नाही ना ते बघतो, मूठ पुन्हा मिटतो आणि मान वर करतो.

नंदूचे ओठ हलत आहेत. त्याचं सांगून होत आलंय. शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडताना मी बघतो. कुठला शब्द ते मला ऐकू येत नाही. सांगून झाल्यावर माणूस हलका होतो तसा तो हलका होतो आणि पणती विझू नये म्हणून तिला हाताचा आडोसा करतो.

"कळलं ना?" तो विचारतो.

"हो," मी म्हणतो.

जाग येते तेव्हा खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर सुरू झालेली असते. माझी उजवी मूठ छातीवर घट्ट मिटलेली. ती उघडतो. आत काही नाही. पण तळव्यावर वळ आहे, अंगठ्याच्या लांबीचा सरळ वळ, एका टोकाजवळ त्याला छेदणारी आडवी रेघ, आणि दुसऱ्या टोकाला कडेचा तुकडा निघाल्यासारखी खाच.

मी पहिल्यांदा काय केलं तर खोकं पलंगावर रिकामं केलं. प्रत्येक तलवार, प्रत्येक भाला, प्रत्येक पट्ट्याचं टोक तळव्यावर ठेवून पाहिलं. त्या वळात बसणारं एकही नाही. पलंगाखाली बघितलं, चादर झटकली. हे सगळं झाल्यावर मला आठवलं की नंदूनं काहीतरी सांगितलं आणि ते आठवायचा प्रयत्नसुद्धा मी अजून केलेला नाही. मग मी प्रयत्न केला. मोटरचा आवाज तेवढा ऐकू आला.

चारच्या आधी वहिनींचा फोन येतो. रविवारचं काय झालं, सगळं लागलं का, असं विचारतात. मी सांगतो, अजून थोडं राहिलंय. मग ठरवलेलं नसताना सांगतो की दुपारी नंदू आला होता.

"स्वप्नात?"

"हो."

त्या म्हणतात, "माझ्या नाही आले अजून. एकदाही." तक्रार नसते त्यात. नळाला पाणी आलं नाही हे सांगावं तसं सांगतात. "कसे दिसत होते?"

"बरा होता. स्वेटर घातला होता, तो चॉकलेटी."

"त्याची खांद्यावर शिवण उसवलीय. घालू नका म्हटलं होतं." मग विचारतात, "काय म्हणाले?"

उत्तर तयार करणं मला अवघड नव्हतं. तिच्यात माझा जीव होता, असं तो म्हणाला, एवढं सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण जे वाक्य मी ऐकलं नाही ते त्याच्या तोंडी घालणं मला जमेना. म्हणून झालं तसं सांगितलं. कावळ्याचं पोट भरलं होतं असं म्हणाला. मग म्हणाला, उज्ज्वलाला सांग. तिथं मी त्याला तोडलं आणि तलवारीचं विचारलं. नंतर तो पुन्हा तुमच्याबद्दल बोलला, सगळं बोलला, आणि मी मुठीत बघत होतो. कळलं का विचारलं तर हो म्हणालो.

पलीकडे कुकरची शिट्टी होते. त्या गॅस बारीक करतात, ते ऐकू येतं.

"मग मिळाली का?" त्या विचारतात.

"काय?"

"तलवार."

मी तळवा बघतो. वळ अजून आहे, कडा पुसट होत चाललेल्या. "हातात नाहीये, वहिनी," मी म्हणतो.

"बरं," त्या म्हणतात, आणि रविवारचं पुन्हा न विचारता फोन ठेवतात.

पाचच्या सुमाराला केतकीचा फोन येतो. तुम्ही आईला काही बोललात का काका, असं ती विचारते. आई दुपारची कधी आडवी होत नाही. आज कुकर उतरवला, पुण्याच्या त्या गृहस्थांना रविवारी येऊ नका म्हणून कळवलं, कपाट उघडून तो निळा बाहुला काढला आणि तो उशाशी घेऊन झोपली. चहालाही उठवायचं नाही म्हणालीय.

"झोपलीय का खरंच?" मी विचारतो.

केतकी बघून येते. "घोरतीय," ती दबक्या आवाजात सांगते.

माझ्या तळव्यावरची आडवी रेघ गेली आहे, सरळ वळ आणि खाच दिसते. साडेपाचला मी केतकीला फोन करतो. वहिनी अजून उठलेल्या नाहीत.