तांदळाएवढी खाच

दर्रा गावच्या बंदुकांच्या बाजारात पिस्तुलाची नळी एक जण करतो, सांगाडा दुसरा. आणि सगळं झालं की चाप, गोळीवर आपटणारा घोडा, सेफ्टी असे बारीक भाग एका फडक्यात बांधून शमरोज उस्तादाकडे येतात. येत होते, असं म्हणायला हवं. तीस वर्षं तो एकाच खिडकीपाशी, एकाच चौरंगावर बसला. कानस, तेल लावलेला दगड, मग उंटाच्या कातड्याचा तुकडा. निळी झळाळी चढवल्यावर तो डोळे मिटायचा आणि अंगठा फिरवायचा. अंगठ्याला काही जाणवलं तर भाग परत दगडावर. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी त्याला घाई माहीत नव्हती.

गुलदाद नावाचा एक हौशी गडी दोन वर्षांमागे आपलं पिस्तूल घेऊन आला होता. बाहेरून तर सगळेच चमकवतात, उस्ताद, तुझा हात आतूनही दिसला पाहिजे, असं म्हणाला. शमरोज सुखावला. घोड्याच्या बुडाशी तांदळाएवढी एक खाच असते. ताणलेला घोडा तिच्यावरच अडून राहतो. तिची धार तशीच ठेवायची, तिला दगड लावायचा नाही, हे त्यानं स्वतः शिष्यांच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं. त्या दिवशी त्यानं तिलाही दगड लावला. खाच आरशासारखी झाली. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं काम होतं.

या माघात एका लग्नात फेर धरताना गुलदादच्या कमरेचं पिस्तूल फरशीवर पडलं आणि उडालं. समोर त्याचा चुलतभाऊ मीरजमान नाचत होता. तो जागच्या जागी गेला. दोघांत शेताच्या पाण्यावरून सात वर्षांचं वैर. चुलतभावाच्या छातीत गोळी आपोआप लागते, हे दऱ्यात कोण मानणार? पंचांचा जिरगा बसला. दोन्ही घरांच्या मधोमध तहाचा दगड ठेवला गेला. बकरी ईदपर्यंत कुणी हत्यार उचलायचं नाही, तोवर निवाडा.

पिस्तूल शमरोजपुढे ठेवण्यात आलं. हे आपणहून उडेल का, एवढंच त्यानं सांगायचं होतं. आदल्या दिवशी त्याचा जुना शिष्य तुराब, ज्याचं दुकान भिंतीपलीकडेच होतं, त्याला म्हणाला होता, की काका, डोळ्यांना आता दिसत नाही म्हणा आणि मोकळे व्हा. शमरोजनं पिस्तूल उघडलं. खाचेत त्याला आपल्याच दाढीचा पांढरा ठिपका दिसला.

"घोडा घसरतो," तो म्हणाला. "दोष माझ्या हाताचा. रक्त माझ्या दारात लिहा."

 मग मयताचा थोरला भाऊ वजीरगुल उठला. त्यानं गोळी काढून पिस्तूल ताणलं, कमरेच्या उंचीवरून दगडी फरशीवर सोडलं. घोडा पडला नाही. पुन्हा सोडलं. दहा वेळा. अकराव्या वेळी शमरोजनं स्वतःच्या हातानं सोडलं. घोडा हलला नाही. त्याचे ओठ हलत होते. पड म्हणून तो मनात विनवत होता.

वजीरगुलच्या आवाजात राग नव्हता, आदरच होता.

"उस्ताद, माझ्या बापाच्या पिस्तुलाला तुझा हात लागलाय. वीस वर्षं झाली, कधी दगा नाही. तू म्हातारा झालास, दया येते तुला. पण आमच्यासमोर स्वतःच्या हाताला शिव्या देऊ नकोस, बरं नाही दिसत."

पंचांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी विचारलं, गुलदादच्या घरून किती मेंढ्या आल्या काकांकडे? थोडा हशा पिकला. कोपऱ्यात बसलेला गुलदाद हसणाऱ्यांकडे बघत राहिला. निवाडा झाला: तहाचा दगड ईदला उचलला जाईल. पुढं मयताच्या घरानं आपला बदल्याचा हक्क बघावा.

बकरी ईदला पाच दिवस उरले असताना, भर दुपारी, वजीरगुल शमरोजच्या दुकानी आला. कोरं पिस्तूल आणि बारीक भागांचं फडकं चौरंगावर ठेवलं. शमरोजनं रिवाजाप्रमाणे काहवा ओतला. हे कशासाठी, ते विचारण्याची गरज नव्हती.

"ऐन वेळी अडायला नको," वजीरगुल म्हणाला. "म्हणून तुझ्याकडे आलो."

"माझ्या हातानं तुझा भाऊ मारला."

"पुन्हा तेच." वजीरगुलनं पेला संपवला, पालथा ठेवला. "करतोस की नाही?"

शमरोजनं फडक्याची गाठ सोडलीच नाही. ते उचलून त्यानं परत त्याच्या हातात दिलं. वजीरगुलनं वाईट वाटून घेतलं नाही. सलाम करून तो निघाला आणि शेजारच्या दारात शिरला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून कानस ऐकू आली. शमरोजनं डोळे मिटले. त्याला बघायची गरज नव्हती. हा चाप. ही सेफ्टी. आता दगड, आता घोड्याची पाठ, आता कड. तुराबचा हात स्वच्छ होता, लय शमरोजनंच घालून दिलेली. दगड घोड्याच्या बुडाशी आला.

शमरोज श्वास रोखून बसला. एकदाच, पोरा, एकदाच चूक, लाव खाचेला दगड, ऐन वेळी दगा देऊ दे.

दगड थांबला. पलीकडे फडकं झटकल्याचा आवाज आला. शिकवल्याप्रमाणे तुराबनं खाच तशीच सोडली होती.