देवघरातला रोटर

आमच्या देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि एका मोटारीचा सुटा भाग असे चौघे शेजारी शेजारी राहत. पाहुण्यांना मी हे सांगायला गेले की आई डोळे वटारायची. पण त्यात खोटं काही नव्हतं.

मोटार आमची नव्हती. माझे वडील उज्जैनमध्ये एका सरदारांची कोठी आणि बाग सांभाळायचे. सरदार स्वतः ग्वाल्हेरला राहत, वर्षातून दोन महिने इकडे येत. स्वातंत्र्य आलं, वर्षभरात संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं, आणि कोठीवर सरकारी दफ्तर बसलं. सामान बैलगाड्यांवरून स्टेशनवर गेलं. मागे उरली ती मोरपंखी रंगाची, निकेलच्या दिव्यांची विलायती मोटार. ग्वाल्हेरच्या छोट्या घरात तिला जागा नव्हती. जाताना सरदार वडिलांना म्हणाले, "कारभारी, ही तुमच्याकडे माझी ठेव. माझं पत्र आल्याशिवाय कुणाला देऊ नका." तेवढंच. पण वडिलांना तेवढं पुष्कळ होतं. नोकरी गेली होती, कोठी गेली होती, आणि शब्द तेवढा राहिला होता.

वडिलांना पुढे उज्जैनच्याच फ्रीगंज भागात एका दफ्तरात कारकुनी मिळाली. तिथे हिंदीत टिपणं लिहायची म्हणजे त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. भाड्याच्या घरालगत पत्र्याची शेड होती, तिच्यात मोटार राहिली. दाराला दोन कुलपं, चाकांना साखळी. तरी त्यांचं समाधान होईना. सरदारांचे जुने ड्रायव्हर आता फ्रीगंजमध्येच गॅरेज चालवत होते. त्यांनी उपाय सांगितला. बॉनेटखाली एक काळी डबी असते, तिच्यात अंगठ्याच्या पेराएवढा रोटर फिरतो. तो काढून घेतला की ठिणगी पडत नाही, मोटार सुरूच होत नाही. "चाबी चोर बना लेगा बाबूजी, ये कहाँ से लाएगा?" ते म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून दर रविवारी वडील रोटर बसवत, मोटार एकटेच गावाबाहेर भैरवगढपर्यंत फिरवून आणत, तिचं अंग पुसत आणि रोटर काढून कोटाच्या आतल्या खिशात घालत. घरात आले की तो देवघरातल्या चांदीच्या करंड्यात. घरात देवघराइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला मात्र मोटारीत बसायची बंदी होती. "दुसऱ्याची वस्तू आहे." भैरवगढला छापील चादरी घ्यायला आई आणि मी टांग्याने जायचो, आणि एकदा वडील आमच्या शेजारून मोटार घेऊन गेले, मान ताठ, नजर समोर. मी हाक मारली. त्यांनी थांबवली नाही. त्याचा राग माझ्या मनात किती वर्षं होता, ते सांगितलं तर हसाल.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग श्रावणातला तो सोमवार आला.

महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, निघायची होती, दफ्तर लवकर सुटलं होतं. दुपारी एक गृहस्थ दारात आले. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, मागे भाड्याचा ड्रायव्हर. त्यांनी वडिलांना असा वाकून मुजरा केला की वडिलांचे डोळेच भरून आले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी तसा मुजरा केला नव्हता. गृहस्थांनी पत्र पुढे केलं. मोडीत लिहिलेलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं, कपाळाला लावलं.

"सरकारांचंच अक्षर," ते आईला म्हणाले; सरदारांना ते सरकारच म्हणत. "वीस वर्षं हेच अक्षर वाचतोय. मोटार मागवलीय."

पाहुण्यांना साबुदाण्याची खिचडी झाली. वडिलांनी मोटारीला हार घातला, नारळ ठेवला, जणू मुलगी सासरी निघाली होती. मग देवघरात जाऊन करंड्यातून रोटर आणला. तो हाताला चिकट लागला, पण त्यांचं लक्ष कुठे होतं? धोतराच्या सोग्याला पुसला आणि बसवला.

मोटार सुरू होईना. ड्रायव्हरने हँडल मारून मारून घाम गाळला. ढकलून पाहिली. ढिम्म.

वडील कमालीचे खजील झाले. म्हणाले, "आपण बसा. सरकारांचे जुने ड्रायव्हर इथेच गॅरेज चालवतात, त्यांना घेऊन येतो. आपण त्यांना ओळखतच असाल."

पाहुणे उठले. "तोवर सवारीचं दर्शन घेऊन येतो," म्हणाले आणि ड्रायव्हरला घेऊन गेले. ते परत आले नाहीत.

गॅरेजवाल्यांनी डबी उघडली, रोटर नाकाशी नेला आणि हसायलाच लागले. "बाबूजी, इसमें तो शहद लगा है! दूध भी है, दही भी है!"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "सोमवार ना आज. सगळे देव पंचामृतात न्हाले. हा एकटा तर इतकी वर्षं कोरडाच बसलाय. मला बरं नाही वाटलं."

वडील तिला काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्यानंतर पंधरा दिवस नाही. सरकारांचा माणूस आपल्या दारातून रिकाम्या हातांनी गेला, हे त्यांना इतकं लागलं की जेवण जाईना. त्यांनी ग्वाल्हेरला चार पानी माफीपत्र लिहिलं. आई चुपचाप वाढायची, चुपचाप भांडी उचलायची. मला दोघांचाही संताप यायचा. ज्या मोटारीत आम्ही कधी बसलो नाही, तिच्यापायी घरात हे सुतक!

मग उत्तर आलं. बालबोध लिपीत, शाळकरी पोरासारखं वाकडंतिकडं अक्षर. वडिलांनी ते ओळखलं नाही, खालची सही पाहून ओळखलं. सरदारांनी लिहिलं होतं की त्यांनी कुणालाही पाठवलं नव्हतं. त्यांना मोडी लिहिता येत नाही, कधीच येत नव्हती. आजवर गेलेली सगळी पत्रं त्यांच्या ग्वाल्हेरच्या कारकुनाच्या हातची; तो उज्जैनला कधी आला नव्हता. जहागीर गेल्यावर त्याला काढावं लागलं. तोच आला असावा. त्याच्याविरुद्ध तक्रार करू नये.

वडिलांनी कागद मांडीवर ठेवला. अक्षर त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते कुणाचं, हा प्रश्न वीस वर्षांत त्यांच्या मनात आलाच नव्हता. आमच्यासारख्या दरबारी घरांतल्या माणसांनाच असं फसता येतं, असं मला आता वाटतं. दोन कुलपं, साखळी, रोटर, सगळं केलं, आणि शेवटी हार घालून मोटार चोराच्या हवाली करायला निघाले. संध्याकाळी ते आईला एवढंच म्हणाले, "पुढच्या सोमवारी मध जरा जास्त घाल." आई पदर तोंडाला लावून हसली, आणि मग रडली.

पण वडिलांचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. "मी आता तिला सांभाळू शकत नाही. माझ्याच हातांनी पोचवून येतो," ते म्हणाले. तसं पत्रही टाकलं; सरदारांनी हो-नाही काहीच कळवलं नाही. दिवाळीआधी, मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश व्हायच्या बेतात होता तेव्हा, गॅरेजवाल्यांना सोबत घेऊन ते निघाले. निघताना माझ्याकडे पाहून त्यांनी मागचं दार उघडलं. मी गावातल्याच देवास गेटपर्यंत बसले. गादीवर वडिलांनी आधी घरची चादर अंथरली होती. गेटपाशी मी उतरले, आणि टांग्यांच्या गर्दीत मोरपंखी रंग दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले. मला वाटलं होतं खूप आनंद होईल. झाला नाही. मोटारीवाचून वडील एकटे पडणार, हेच मनात येत राहिलं.

चौथ्या दिवशी ते रेल्वेने परतले. सरदार स्वतः दारापर्यंत आले होते. किल्ली वडिलांनी त्यांच्या हातात दिली. सरदारांनी त्यांना पंगतीला शेजारी बसवून जेवू घातलं. वडील हे सांगत होते तेव्हा आई धुवायला टाकण्याआधी कोटाचे खिसे चाचपत होती. आतल्या खिशात तिचा हात थांबला.

तिने मूठ उघडली. तिच्या तळव्यावर रोटर होता.

ग्वाल्हेरच्या अंगणात वडिलांनी मोटार उभी केली, पुसली, आणि सवयीने रोटर काढून खिशात घातला होता. "इतकी वर्षं चोरांपासून सांभाळली," ते म्हणाले, "आणि शेवटी मीच चोरली." हसायला गेले आणि हसू मध्येच मोडलं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आईने रोटर पुसून करंड्यात ठेवला. "पत्र आलं की देऊ ना," ती म्हणाली. "सरकारांनी तसंच तर सांगितलं होतं."

वडिलांनी त्याच दिवशी कबुलीचं पत्र टाकलं, रोटर कसा पाठवू ते कळवावं म्हणून. मग रोज पोस्टमनची वाट पाहिली. होळी आली, गुढीपाडवा आला. ग्वाल्हेरहून उत्तर आलं नाही. एका सोमवारी त्यांनी स्वतःच करंडा उघडला, रोटर ताम्हनात ठेवला आणि वरून पंचामृत घातलं. तिकडे मोटार सुरू करून पाहायची कुणाला गरजच पडली नव्हती, हे तोवर त्यांना कळून चुकलं होतं.